नवा ग्रंथ देवाचा असू शकतो काय?

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

मंदिराचे काम पूर्ण झाले. गळके छप्पर गेले, वाळवी लागलेले सागवानी खांब गेले, आणि त्या जागी सर्वांना बसता येईल असा सभामंडप उभा राहिला. कोणी धानाच्या चुरण्यातून पोते दिले, कोणी तेंदूपत्त्याच्या मजुरीतून पैसे दिले, ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याने रेती वाहिली. ह्या सर्वांची नावे ह्या स्मरणिकेत आहेतच. ज्यांची राहिली असतील त्यांची मारुतीरायाच्या वहीत नक्कीच असतील.

सभामंडप झाला, तसा एक प्रश्न पुढे आला. सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. त्याच्या जोडीला ग्रामगीतेचे वाचन ठेवावे, आणि तो ग्रंथही त्याच चौरंगावर ठेवावा, अशी सूचना झाली. त्यावर गावात दोन मते पडली. वडीलधाऱ्यांपैकी काही म्हणाले, “ग्रामगीता चांगलीच आहे, पण ज्यांना आमच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिले, ज्यांची खंजिरी कानांनी ऐकली, त्यांचे पुस्तक पोथी कसे होईल? पोथी ऋषिमुनींची. देव त्या काळी बोलला, आता बोलत नाही.” तरुणांपैकी काही म्हणाले, “पुस्तक चांगले आहे एवढे पुरे. त्यात देव कशाला आणायचा?” दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत, म्हणूनच त्यांना उत्तर दिले पाहिजे. प्रश्न चौरंगावरच्या जागेपुरता नाही. आजच्या काळात देवाची प्रेरणा होऊन एखादा नवा धर्मग्रंथ निर्माण होऊ शकतो काय, असा तो आहे.

प्रथम जुन्यांचे म्हणणे पाहू. आपल्याकडे ग्रंथांची श्रुती आणि स्मृती अशी वाटणी आहे. वेद म्हणजे श्रुती. मीमांसक म्हणतात, वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कोणी कर्ताच नाही. नैयायिक म्हणतात, वेदांचा कर्ता ईश्वर आहे. म्हणजे खुद्द शास्त्र्यांमध्येसुद्धा एकमत नाही. पण ऋषींना मंत्रांचे कर्ते न म्हणता मंत्रद्रष्टे म्हणतात, म्हणजे ज्यांना मंत्र दिसले ते, एवढे सगळ्यांना मान्य आहे. आता पाहणाऱ्याला दिसले असेल, तर पाहण्याची शक्ती एका काळात होती आणि पुढे ती माणसातून निघून गेली, असे म्हणायला आधार काय? भगवद्गीता ही तर काटेकोर अर्थाने श्रुतीतही मोडत नाही, ती महाभारतातली. तरी आज कोणी तिला देवाची वाणी नाही असे म्हणत नाही. जी पोथी आज जुनी आहे ती एके दिवशी नवीच होती, आणि त्या दिवशीही कोणीतरी म्हणाले असेल की, हे आता कुठून आले?

मराठी भाषेत हे आपल्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन गोळा केल्या, आणि कोणी काय सांगितले तेही नोंदवून ठेवले. तो लीळाचरित्र ग्रंथ आपल्या विदर्भातल्या रिद्धपूरचा. पुढे १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरमहाराजांनी गीता मराठीत सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पंडितांच्या दृष्टीने ते धाडसच होते, कारण धर्माचा विचार संस्कृतातच व्हायचा अशी तेव्हाची रीत. जवळजवळ तीनशे वर्षांनी, १५८४ साली, एकनाथमहाराजांनी पाहिले की नकला करता करता ज्ञानेश्वरीत पुष्कळ चुका शिरल्या आहेत. त्यांनी प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. तात्पर्य, देवाची प्रेरणा झाली तरी कागद, शाई, लेखनिक आणि तपासणारा ही माणसेच लागतात. माणसाचा हात लागला म्हणून ग्रंथ देवाचा राहत नाही, असे म्हटले तर एकही ग्रंथ उरणार नाही.

तुकोबांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. देहूच्या वाण्याने अभंग करावेत हे रामेश्वर भटांना पटले नाही. परंपरा असे सांगते की वह्या इंद्रायणीत गेल्या, तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्याविना बसले, वह्या तरल्या, आणि हरकत घेणारे रामेश्वर भट शेवटी त्यांचेच शिष्य झाले. वह्या पाण्यावर तरल्या की लोकांच्या मुखी तरल्या, यावर विद्वान वाद घालोत. मुखी तरल्या हे तर निर्विवाद आहे. पुढे १८६९ ते १८७३ या काळात इंग्रज सरकारच्या मदतीने त्याच गाथेची छापील आवृत्ती मुंबईत निघाली. ज्या वह्या एका काळी बुडवण्याच्या लायकीच्या ठरल्या, त्यांना सरकारी खजिन्यातून पैसा मिळाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. राष्ट्रसंत तुकडोजीमहाराज ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी जन्मले. घरचे नाव माणिक. वरखेडच्या आडकोजीमहाराजांनी त्यांना तुकड्या म्हटले आणि तेच नाव जगात राहिले. शाळा फार झाली नाही. लहान वयातच त्यांनी रानावनाची वाट धरली, आणि त्या भटकंतीत चिमूरच्या बाजूच्या जंगलांनी त्यांना आसरा दिला. चिमूर तालुक्यातील गोंदोडा ही त्यांची तपोभूमी म्हणून आजही लोक तेथे जातात. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम झाला. १९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून महिनाभर ठेवून घेतले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले. महाराजांच्या भजनांनी माणसे निर्भय झाली होती हे सरकारलाही ठाऊक होते. त्याच महिन्यात त्यांना चंद्रपुरात अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेला ते गेले, आणि त्याच वर्षी ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांनी देह ठेवला.

ग्रामगीतेचे अध्याय ४१ आणि ओव्या ४६७५ आहेत. आरंभ देवदर्शनाने होतो आणि शेवटचा अध्याय ग्रंथमहिमा आहे. पण मधल्या अध्यायांची नावे पाहावीत: ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, श्रमसंपत्ती, जीवनशिक्षण, महिलोन्नती, सणोत्सव, अंत्यसंस्कार. संडासाची जागा कोठे असावी, विहिरीचे पाणी कसे राखावे, लग्नात किती खर्च करावा, मयताच्या घरी कसे वागावे, ह्या गोष्टी पोथीच्या ओवीत आल्या. म्हणूनच काहींना ते ग्रामपंचायतीचे पुस्तक वाटते, धर्माचे वाटत नाही. पण महाराजांनी हा ग्रंथ अर्पण कोणाला केला आहे? ग्रामदेवतेला. कोण्या राजाला नाही, शेठजीला नाही, पुढाऱ्याला नाही. गाव हेच देवाचे रूप, असे ज्याने मानले त्याच्या दृष्टीने नालीचा विचार हा पूजेचाच विचार झाला. आज ज्या ग्रामदेवतेपुढे आपण जमलो आहोत, तिच्या पायाशी वाहिलेला तो ग्रंथ आहे, हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट. महाराजांच्याच काळात गाडगेबाबा होते. त्यांनी एक ओळ लिहून ठेवली नाही. त्यांचा ग्रंथ म्हणजे खराटा. तरी त्यांच्या कीर्तनात देव बोलत नव्हता असे म्हणणारा विदर्भात सापडणार नाही. तसेच आपल्या जंगलातल्या गोंड बांधवांचे आहे. पारी कुपार लिंगोची कथा त्यांनी कागदावर ठेवली नव्हती, ती परधानांच्या गळ्यात आणि किंगरीच्या तारेत होती. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी ती परधानाच्या तोंडून उतरवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली ती छापली गेली. छापली म्हणून त्या कथेला पावित्र्य आले असे नाही, ते आधीच होते. म्हणजे देवाच्या वाणीला कागद लागतोच असेही नाही.

इतर धर्मांत काय आहे, तेही थोडक्यात पाहिले पाहिजे. इस्लाममध्ये कुराण ही अखेरची ईश्वरी वाणी मानतात, तिच्यानंतर नवी नाही. शीख बांधवांनी वेगळा मार्ग घेतला. १७०८ साली आपल्या महाराष्ट्रातच, नांदेडला, गुरु गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथसाहिबालाच गुरूची गादी दिली. आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवमहाराजांची ६१ पदे आहेत. म्हणजे मराठी शिंप्याचा शब्द पंजाबात गुरुवाणी म्हणून वंदिला जातो! उलट अलीकडच्या काळात नव्या ईश्वरी ग्रंथाचा दावा झाल्याचीही उदाहरणे आहेत. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी मॉर्मन पंथाचा ग्रंथ पुढे आणला. त्याच शतकात इराणचे बहाउल्ला यांनी अक्का गावच्या बंदिवासात असताना आपल्या अनुयायांसाठी ग्रंथ दिला. त्यांना मानणारे लाखो लोक जगात आहेत, न मानणारे त्याहून अधिक आहेत. तेव्हा हा प्रश्न फक्त आपल्या गावाचा नाही.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग काय, जो कोणी उठून म्हणेल की मला देवाने सांगितले, त्याचे खरे मानायचे काय? हाच खरा काळजीचा भाग आहे, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तर फारच काळजीचा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील एका गावात भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायामाणसांना भर चौकात बांधून मारहाण झाली. ही गोष्ट देशभर गेली आणि जिल्ह्याची मान खाली गेली. असल्या प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. पण कायद्याच्या आधी गावाने ओळखले पाहिजे. कोणाच्या अंगात येते, कोणी नाव घेतो, आणि लोक म्हणतात की देव बोलला. देवाच्या नावाने बोललेला शब्द गावाला एकत्र बसवू शकतो, तसाच तो एका म्हातारीचा जीवही घेऊ शकतो. म्हणून ‘देव आजही बोलतो’ एवढेच म्हणून थांबता येत नाही. कोणता शब्द देवाचा, हे पारखण्याची जबाबदारी गावावर येते.

ती पारख कशी करायची? सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. जमिनीचा फेरफार कसा होतो? तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतात. चावडीवर नोटीस लागते. पंधरा दिवसांत ज्याला हरकत घ्यायची त्याने घ्यावी. हरकत आली तर ती निराळ्या नोंदवहीत चढते, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले जाते, आणि मगच अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आता संगणक आले, पण क्रम तोच आहे. ह्यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, हरकतीला जागा ठेवल्याशिवाय कोणतीही नोंद पक्की होत नाही. दुसरी, जमीन कचेरीने निर्माण केलेली नसते. कचेरी फक्त ओळखते आणि लिहून ठेवते.

धर्मग्रंथाचेही तसेच आहे. ग्रंथात देवाचा अंश गावाच्या ठरावाने येत नाही. असेल तर तो आधीच असतो, समाज तो ओळखतो, आणि ओळखायला वेळ लागतो. जो म्हणतो की माझा शब्द आजच्या आज मान्य करा, हरकत घेणाऱ्याला पाप लागेल, तो नोटीस न लावता नोंद प्रमाणित करून घेऊ पाहतो. त्याच्यापासून सावध राहावे. तुकोबांनी रामेश्वर भटांना शाप दिला नाही. ज्ञानेश्वरांनी आपल्याला वाळीत टाकणाऱ्यांचे वाईट मागितले नाही, उलट सगळ्या विश्वाचे भले मागितले. त्यांच्या ग्रंथांनी हरकती सोसल्या, शतके सोसल्या, आणि मगच लोकांनी आपल्या मनाच्या सात-बाऱ्यावर त्यांची नोंद केली.

हरकतीच्या जोडीला आणखी तीन कसोट्या संतांच्या वागण्यातून सहज दिसतात.

पहिली कसोटी अशी की, बोलणारा स्वतःसाठी काय मागतो? शब्द देवाचा आणि पावती मात्र आपल्या नावाची, असे असेल तर तो धंदा समजावा.

दुसरी कसोटी, तो शब्द कोणाच्या पाठीवर पडतो? खरा धर्मग्रंथ प्रथम वाचणाऱ्याला दोष दाखवतो. तो विधवेकडे, म्हातारीकडे, परजातीच्या घराकडे बोट दाखवीत नाही. दुबळ्याला ज्याने धीर येतो आणि दांडगट ज्याने विचारात पडतो, त्या शब्दात देव असण्याचा संभव अधिक. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून सानेगुरुजींनी १९४७ साली उपोषण केले, तेव्हा तुकडोजीमहाराजांनी त्या कार्याला आपले बळ दिले. ग्रामगीता लिहिणाऱ्या हाताने आधी हे केले होते.

तिसरी कसोटी ह्या जीर्णोद्धारातच आहे. आपण मंदिर नवे केले, पण मूर्ती बदलली काय? मारुतीराया तोच. जुना शेंदूर जपला, जागा तीच ठेवली, पायरी सुद्धा जुन्या दगडाची ठेवली. फक्त जे गळत होते ते काढले आणि जे लहान पडत होते ते मोठे केले. नव्या ग्रंथाचे काम असेच असावे. ज्ञानेश्वरीने गीता मोडली नाही, तिला मराठी सभामंडप दिला, त्यात बायाबापडे बसू शकले. ग्रामगीतेने ज्ञानेश्वरी बाजूला सारली नाही, तिच्यातला देव गावाच्या रस्त्यापर्यंत आणला. जो नवा शब्द जुने सगळे पाडून फक्त आपलीच मूर्ती बसवायला सांगतो, त्याच्याबद्दल शंका घेणे हे धर्माला धरूनच आहे.

येथे तरुणांच्या म्हणण्याचाही विचार झाला पाहिजे. ते विचारतात, ‘देव कशाला आणायचा?’ त्यांच्या बाजूने एक मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी निगडित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला, आणि १६ ऑक्टोबर रोजी आपल्या चंद्रपूरला धम्मदीक्षेचा सोहळा केला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले आहे की, बुद्धांनी स्वतःसाठी किंवा आपल्या धम्मासाठी ईश्वरी उगमाचा दावा केला नाही. शब्द पटला तर घ्यावा, ही तेथली रीत. आज गावोगावच्या विहारांत वर्षावासात त्या ग्रंथाचे वाचन होते, आणि ऐकणारे तितक्याच आदराने बसतात. दोन वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन ग्रंथ. एकाने देवाला गावात पाहिले. दुसऱ्याने देवाचे नाव न घेता माणसाला माणूस म्हणून उभे केले. ज्या गावात दोन्हींचे वाचन होते, त्या गावाने एकमेकांच्या ग्रंथाला नमस्कार करायला शिकले पाहिजे. ईश्वरी प्रेरणेचा दावा न करतासुद्धा ग्रंथ पवित्र होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या बौद्ध बांधवांनी दाखवून दिली आहे, आणि ती मारुतीच्या देवळात मोकळेपणाने मान्य करण्यात कमीपणा नाही.

मग देव शब्द आणायचाच कशाला? भाविक माणसाचे उत्तर असे आहे. चांगले पुस्तक आपण वाचतो, पटले तेवढे घेतो, बाकीचे सोडून देतो. पुस्तकावर आपला अधिकार चालतो. पण ज्या शब्दात देव आहे असे मन मानते, त्या शब्दाचा अधिकार आपल्यावर चालतो. तो न आवडणारी गोष्टही ऐकायला लावतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली. कायदा येतो आणि जातो. पण ज्याने सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत बसून ‘हे देवाचे सांगणे आहे’ असे मानले आणि बाटली सोडली, त्याची बंदी कोणत्या मंत्रिमंडळाने उठवायची? हाच तो फरक आहे.

पण सज्जनहो, ह्याच ठिकाणी एक मोठी पळवाटही आहे, आणि ती दाखवल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. ग्रंथाला देवाचा म्हणणे फार सोपे आहे. लाल कापडात बांधावा, हळदकुंकू वाहावे, नारळ फोडावा, पालखीत मिरवावा, आणि कोनाड्यात ठेवून द्यावा. एकदा देव झाला की त्याचे ऐकावे लागत नाही, फक्त पाया पडावे लागते! ग्रामशुद्धीच्या अध्यायाला आरती ओवाळायची आणि हातपंपाजवळचा चिखल तसाच ठेवायचा. महिलोन्नतीच्या अध्यायावर फुले वाहायची आणि मुलीची शाळा सातवीत बंद करायची. संतचमत्काराच्या अध्यायाला नमस्कार करायचा आणि आजारी लेकराला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे न्यायचे. सात-बारा कोरा करकरीत, नाव पक्के चढलेले, आणि बांधीत मात्र गवत वाढलेले, अशी ती गत होईल. जमिनीची मालकी कागदावर सिद्ध होते, पण पीक कसणाऱ्यालाच येते.

म्हणून वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर असे की, होय, आजच्या काळातही देवाच्या प्रेरणेने नवा ग्रंथ येऊ शकतो. देवाने एका काळी बोलावे आणि मग मुका व्हावे, असे मानणे देवाला लहान करणे आहे. ज्या मातीत ज्ञानेश्वरीपासून ग्रामगीतेपर्यंत शब्द उगवत राहिला, त्या मातीने तरी तसे म्हणू नये. तरुणांच्या प्रश्नाला उत्तर असे की, ‘देवाचा’ हा शब्द तपासणी बंद करण्यासाठी नाही, तो स्वतःची तपासणी सुरू करण्यासाठी आहे. आणि दोघांसाठी मिळून उत्तर असे की, ग्रामगीता देवाची आहे की नाही ह्याची अखेरची नोंद कोण्या पंडिताच्या हातून होणार नाही. ती गावाच्या हातून होणार. पन्नास वर्षांनी कोणी ह्या गावात आले आणि त्याला नाली स्वच्छ दिसली, मुली शिकलेल्या दिसल्या, म्हातारी निर्भयपणे एकटी राहताना दिसली, आणि सभामंडपात कोणालाही ‘तू तिकडे बस’ असे सांगितले जात नाही हे दिसले, तर तो विचारील की, इथे कोणती पोथी वाचतात? तेव्हा जे नाव सांगितले जाईल, तो ग्रंथ देवाचा.

तोपर्यंत चौरंगावर दोन्ही ग्रंथ शेजारी शेजारी असावेत. ज्ञानेश्वरीला ग्रामगीतेची अडचण होणार नाही, आईला लेकीची अडचण कधी होत नाही. फक्त एक विनंती आहे. ग्रामगीतेवर कापड असावे, पण गाठ सैल असावी, म्हणजे कोणाही लेकराला ती सोडून वाचता येईल. सप्ताहाचे सात दिवस झाले की पोथी उचलून ठेवू नये. रोज सायंकाळी एक अध्याय वाचावा, आणि शनिवारी मारुतीच्या दर्शनाला सगळे जमतात तेव्हा एवढेच विचारावे की, ह्या आठवड्यात वाचलेल्यातले गावात काय झाले? काहीच झाले नसेल तर तोच अध्याय पुन्हा वाचावा. ४१ अध्यायांना किती वर्षे लागतील ते लागोत.

ज्यांनी ह्या मंदिरासाठी घामाचा पैसा दिला, त्यांचे दान तेव्हाच सुफळ होईल. मारुतीराया सर्वांना बळ आणि सुबुद्धी देवो.

जय गुरुदेव. रामकृष्ण हरि.